गोदाघाटावरच्या धोकटीतली स्वाती: वस्तऱ्याच्या जुन्या दगडाचा रिव्ह्यू, आणि या बाजारात पैसे कुठे घालावेत

गेले सात-आठ महिने मी वस्तऱ्यानं दाढी करतोय, म्हणजे सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा तो नाही, जुना अख्ख्या पात्याचा वस्तरा, ज्याला स्वतःची धार असते आणि ती स्वतःच राखावी लागते. वस्तरा मिळवणं सोपं आहे, जर्मनीतल्या सोलिंगेनचे नाहीतर इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे अजून भरपूर फिरतात. खरा प्रश्न दगडाचा. ज्या दगडावर त्याची शेवटची धार निघते तो चांगला नसेल तर कितीही भारी वस्तरा घ्या, गाल सोलवटणारच. आणि हे जुने दगड आता नुसते दगड राहिले नाहीयेत, त्यांचा जगभर कलेक्टर लोकांचा बाजार झालाय, कागदी लेबल शाबूत असेल तर एक भाव, लेबल गेलं असेल तर दुसरा, मूळ खोका असेल तर तिसराच. मी या बाजारात एकदा सपाटून फसलो आणि एकदा फार भाग्यवान ठरलो, दोन्ही नीट लिहितो, कारण मराठीत याच्यावर मला कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं.

रिव्ह्यू ज्या दगडाचा आहे तो आधी सांगतो. स्वाती. कंपनीचं नाव फ्रान्झ स्वाटी, 1879 पासूनची, गाव मारबुर्ग, जे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं आणि आज स्लोव्हेनियात मारिबोर म्हणून आहे. तिथून हे न्हावी लोकांचे दगड जगभर गेले. माझ्याकडचा साधारण पाच इंच लांब, दोन इंच रुंद, चॉकलेटी रंगाचा, एका बाजूला ठशानं दाबलेल्या तीन ओळी. कलेक्टर लोक याला थ्री-लाइन स्वाटी म्हणतात आणि दोन ओळीवाल्यापेक्षा याला जास्त मान देतात. ज्यांच्याकडून मला तो मिळाला ते काका मात्र सरळ स्वाती म्हणतात, मुलीचं नाव घ्यावं तसं. आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

तर आधी फसल्याची गोष्ट, कारण ती झाली नसती तर मी काकांपर्यंत पोचलोच नसतो.

जुन्या दगडांमध्ये ज्याच्यासाठी लोक वेडे होतात तो म्हणजे जर्मनीच्या थुरिंजिया भागातला पाटीचा दगड. पाटीचा म्हणजे अक्षरशः स्लेटच, आपण शाळेत लिहायचो त्याच जातीचा, पण इतका बारीक की बोट फिरवलं तर रेशमासारखं लागतं. झोनेबेर्ग आणि श्टायनाख या गावांच्या आसपासच्या खाणीतला माल. झोनेबेर्ग हे खेळण्यांसाठी प्रसिद्ध गाव, तिथल्याच एशर नावाच्या फर्मनं हे दगड कागदी लेबल चिकटवून जगभर पाठवले. लेबलवर रंग लिहिलेला असायचा, पिवळट हिरवा, फिकट हिरवा, निळट हिरवा, गडद निळा, आणि आज त्या रंगानुसार भाव बदलतो, पिवळट हिरव्याला सगळ्यात जास्त मागणी. खाणी बंद होऊन कित्येक दशकं झाली, म्हणजे नवा माल येणार नाही, आहे तोच फिरणार. असं झालं की भाव कुठे जातो ते आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जागांवरून कळेल.

मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, नाव लिहीत नाही, लेबल असलेला असा एक एशर घेतला. फोटोत लेबल झकास, कडा थोड्या फाटलेल्या, मधे पिवळटपणा, अगदी शंभर वर्षांचं वाटेल असं. कुरिअर, ड्युटी सगळं धरून साडेसोळा हजारांच्या वर गेलं. घरी आला, दगडही दिसायला बरा, करडा, गुळगुळीत. पहिल्यांदा वापरताना ओल्या हातानं उचलला आणि अंगठा लेबलवर पडला. अंगठा काढला तर अंगठ्याला निळी शाई. बारीक निळं ओघळ लेबलच्या कडेनं खाली उतरलेलं. मी दोन मिनिटं तसाच उभा होतो हातात दगड घेऊन. हा दगड पाणी लावून वापरायचा, त्याचं लेबल न्हाव्याच्या ओल्या हातात वर्षानुवर्षं टिकायचं, त्याची शाई पहिल्याच पाण्याला फुटते म्हणजे ते घरच्या प्रिंटरवर छापून चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं आहे, दुसरं काय. दगडसुद्धा थुरिंजियाचा नसावा, त्याच्यावर घासून जो चिखल निघाला तो गडद, खरखरीत, आणि धार काही केल्या मऊ होईना. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे तुम्ही ओला केलात, आता परत घेता येणार नाही. अहो, पाण्याचा दगड ओला नाही करायचा तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा! पैसे गेले ते गेले.

या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालं, लेबलसाठी जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. ज्याला काचेच्या कपाटात ठेवायचाय त्यानं खुशाल द्यावेत, तो छंद वाईट नाही, लेबलं खरंच सुंदर असतात, पण दाढी करणाऱ्यानं त्या कागदाचे पैसे का मोजायचे. जपानी दगडांचंही तेच, क्योटोजवळच्या नाकायामा खाणीतल्या दगडांवर शिक्के असतात आणि शिक्क्यावर भाव चढतो, आणि जिथे शिक्क्यावर भाव चढतो तिथे खोटे शिक्के येणारच. दगड घ्यायचा तर दगडाकडे बघून घ्या.

आता काका. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांचं वर्षश्राद्ध होतं म्हणून मी पंचवटीत रामकुंडावर गेलो होतो. रामकुंडावर क्षौर करणारे लोक बसतात हे नाशिककरांना सांगायला नको, दशक्रिया, पिंडदान, मुंडण, बारा महिने चालू. मी विधी आटोपेपर्यंत एका बाजूला उभा राहून त्यांचे हात बघत होतो. सगळ्यांकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे. गिऱ्हाईक बसलं की कागदातून नवं ब्लेड, मधून मोडायचं, अर्धं लावायचं, काम झालं की फेकायचं. बरोबरच आहे ते. 1986 मध्ये आपल्याकडे एचआयव्हीची पहिली नोंद चेन्नईत झाली आणि नंतरच्या काळात दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही पद्धत सलूनमध्ये पक्की बसली, ते आरोग्यासाठी हवंच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला एकदम लक्षात आलं की मग या लोकांच्या आधीच्या पिढीच्या पथऱ्या गेल्या कुठे? दगड काही झिजून संपत नाही. प्रत्येक न्हाव्याकडे एक तरी असणारच होता.

तिथल्या एका दादांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडं नाही आता, वडिलांच्या धोकटीत असंल. तुम्ही असं करा, आमच्या चुलत्यांना भेटा, ते अजून वस्तऱ्याची गोष्ट निघाली की उठून बसतात."

धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची कातडी पिशवी. आणि चुलते म्हणजे काका, वय शहात्तर, जुन्या नाशकात दोन खोल्यांचं घर, हात आता थरथरतात म्हणून काम सोडून दहा वर्षं झाली. मी माझा वस्तरा बरोबर नेला होता. त्यांनी तो घेतला, उघडला, खिडकीकडे तोंड करून धार वर धरली आणि हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कलती करत बघितली. मग मला म्हणाले, "हे बघ, इथं पांढरी रेघ दिसतीय ना? इथं धार मेलीय. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही." मी तोपर्यंत साठ पट मोठं दाखवणाऱ्या खिशातल्या मायक्रोस्कोपनं हेच शोधत होतो, आणि काकांनी चष्मा न लावता दोन सेकंदात सांगितलं.

धोकटी त्यांनी माळ्यावरून नातवाकडून काढवली. कातडी कडक झालेली, आत एक चिमटा, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, दोन गंजलेले वस्तरे आणि फडक्यात गुंडाळलेला हा दगड. काकांचे वडील स्वातंत्र्याच्या आधी देवळालीला कॅम्पात गोऱ्या सोल्जरांची हजामत करायचे. देवळाली म्हणजे तेव्हा विलायतेला परत जाणाऱ्या पलटणी थांबायची जागा, जहाज मिळेपर्यंत महिनोन् महिने लोक तिथे पडून राहायचे, त्याच्यावरून इंग्रजीत डुलाली हा शब्दच पडला. तिथे कुणाकडून तरी हा दगड वडिलांना मिळाला, विकत की बक्षीस ते काकांना माहीत नाही. मग तो काकांकडे आला आणि 1980 आणि 1991 च्या दोन्ही सिंहस्थांत त्यांनी तो वापरला. ते म्हणाले, "पर्वणीच्या दिवशी दिवसाला किती डोकी केली त्याचा हिशेब नव्हता. दर चार-पाच डोक्यांनी पथरीवर चार हात द्यायचे, चामड्याच्या पट्ट्यावर वीस, की परत चालू."

किंमत विचारली तर काका म्हणाले, द्या दोनशे रुपये. इथे मला जे वाटतं ते मी स्पष्ट लिहितो, कारण याच्यावर लोक गप्प बसतात. थ्री-लाइन स्वाटी परदेशात चांगल्या अवस्थेत असेल तर हजारांत जातो हे मला माहीत होतं, काकांना नव्हतं. अशा वेळी दोनशे देऊन पाया पडून निघून यायचं ही चोरीच आहे. मी त्यांना मोबाइलवर चालू भाव दाखवले, नातवालाही दाखवले, तुम्हाला हवं तर मी तुमच्यासाठी विकून देतो असंही म्हटलं. काका म्हणाले, विकायला नको, वापरणाऱ्याकडं जाऊ दे. शेवटी साडेतीन हजारांवर आम्ही थांबलो, तेही त्यांनी कुरकुर करतच घेतले. जे कोणी हे वाचून जुन्या न्हाव्यांच्या घरी जातील त्यांनी कृपा करून भाव सांगून मग सौदा करा. धोकट्या म्हणजे भंगार नाही, त्या घराचा तीन पिढ्यांचा धंदा त्याच्यावर चाललाय.

बरं, आता दगड कसा आहे ते.

घरी आणला तेव्हा दगडावर वर्षानुवर्षांच्या साबणाचा आणि लोखंडाच्या कणांचा काळा चकचकीत थर बसलेला होता आणि मधोमध खोलगट झाला होता, कडेला सरळपट्टी ठेवली तर मधून उजेड दिसत होता. कलेक्टर लोकांना ही खोलगट जागा चालत नाही, भाव निम्म्यावर येतो. मला ती जागा फार आवडली, तिथे किती हात फिरले असतील. पण धारेसाठी दगड सपाट हवा म्हणजे हवाच, नाहीतर वस्तऱ्याचं पातं मधे लागतच नाही. एका कोपऱ्यात बारीक टवका पण उडालेला होता, असल्या टवक्याची धार वस्तऱ्याच्या धारेत घुसते आणि खाच पाडते, तो गोल करून घेणं सगळ्यात पहिलं काम.

सपाट करायला मी रविवार कारंजाच्या बाजूला एका हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणला, 220, 400, 600 आणि 1000 नंबर (नंबर जितका मोठा तितका बारीक). ओट्याला लावलेल्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घरात होता, त्याच्यावर पाणी टाकून पेपर चिकटवला. दगडाच्या साध्या बाजूवर शिसपेन्सिलीनं चौकटी काढल्या, पाटीवर काढतो तशा. मग आठच्या आकड्यात फिरवायचं, दर वीस फेऱ्यांनी उचलून बघायचं, कडेच्या चौकटी पुसल्या जातात, मधल्या तशाच राहतात. आधी वाटतं काही होतच नाहीये, एक तास गेला, मधली पेन्सिल जशीच्या तशी, पाणी मात्र चॉकलेटी होत चाललं होतं आणि खोलीत जुन्या साबणाचा एक वास सुटला होता, नारळाच्या तेलासारखा. साधारण पावणेदोन तासांनी शेवटची चौकट गेली. ठशाच्या बाजूला हात लावला नाही, तीन ओळी तशाच ठेवल्या, त्या बाजूला वापरायची गरजही नसते.

एक महत्त्वाची गोष्ट, स्वातीसारखे कारखान्यात बनवलेले दगड नुसते घासून सोडले तर खरखरीत राहतात. शेवटी 1000 नंबरवर बराच वेळ फिरवून मग त्याच्यावर एखादी जुनी स्टीलची पट्टी, चमच्याची पाठ, काहीही घासून पृष्ठभाग परत मऊ करून घ्यावा लागतो. मी हे पहिल्यांदा केलं नाही आणि धार चावरी निघाली, दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ. चमच्याची पाठ अर्धा तास घासली, मग फरक पडला.

लोकांचा एक गैरसमज दूर करतो, स्वाती हा खाणीतून निघालेला नैसर्गिक दगड नाही. तो बनवलेला आहे, बारीक घर्षक पावडर बांधून भाजलेला. असे बनवलेले दगड न्हाव्यांसाठी अमेरिकेतही भरपूर निघाले. 1891 मध्ये एडवर्ड अ‍ॅचिसननं चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून कार्बोरंडम बनवला आणि त्याच्या नायगाराच्या कंपनीचे न्हावी दगड अजून जुन्या बाजारात दिसतात. त्याच कंपनीच्या भागीदारीत 1954 मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली, आणि आपल्याकडे सातपूर-अंबडला कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा, दगडाला लोक अजून कार्बोरंडमच म्हणतात. पण गंमत अशी की कार्बोरंडम हे नाव कोरंडमवरून पडलं, आणि त्यामागचा कुरुंद हा शब्द आपलाच, इंग्रजीतला कोरंडम दक्षिणेतल्या कुरुंदम वरून गेला. मारिबोर काय, नायगारा काय, फिरून नाव आपल्याच मातीत येतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

वापर कसा करायचा ते काकांनी शिकवलं तेच सांगतो. दगडाला आधी दाढीच्या साबणाचा पातळ फेस लावायचा, नुसतं पाणी नाही, फेसामुळे पातं तरंगल्यासारखं चालतं. वस्तरा दगडावर आडवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, पाठ उचलायची नाही. धार पुढे ठेवून ओढायचं, दगड पात्यापेक्षा अरुंद आहे म्हणून थोडं तिरकं, टाचेकडून टोकाकडे. परतताना पाठीवरून पलटायचा, धारेवरून पलटला की संपलं. आणि दाब शून्य. काकांनी माझ्या मनगटाला दोन बोटं लावून ठेवली होती, मी जरा जोर दिला की बोटांनी वर उचलायचे. किती फेऱ्या? चार. फार तर सहा. मी आधी पन्नास-साठ फेऱ्या मारत होतो कारण नैसर्गिक दगडांवर तशी सवय असते. स्वाती फास्ट कापतो, पन्नास फेऱ्या मारल्या तर धार इतकी पातळ होते की तिची कडा तुटायला लागते आणि मग खालच्या नंबरच्या दगडापासून परत सुरुवात. हे माझं दोनदा झालं. चार म्हणजे चार.

आणि हे पण लक्षात घ्या की न्हाव्याचा दगड चालू धार जिवंत ठेवण्यासाठी आहे, मेलेली धार नव्यानं काढायला नाही. खाच पडलेला, गंजलेला वस्तरा घेऊन स्वातीवर बसलात तर दगड आणि वस्तरा दोन्ही वाया. आधी 1000 नंबर, मग 4000-5000 च्या आसपासचा कुठलाही साधा कृत्रिम दगड, मग शेवटी हा. त्यानंतर चामड्याचा पट्टा, इथे पाठ पुढे, धार मागे, पन्नास-साठ हात.

निकाल? मी तीन महिने, आठवड्यातून चार दाढ्या या हिशेबानं एकच वस्तरा फक्त स्वाती आणि पट्ट्यावर चालवला. पहिल्या चार दिवसांत धार जरा उग्र वाटते, गालावर नाही पण हनुवटीखाली जाणवते, थुरिंजियाच्या धारेचा जो मऊपणा सांगतात तो इथे नाही हे मान्य. पण टिकते. दर बारा-तेरा दाढ्यांनी चार फेऱ्या, बस्स. उन्हाळ्यातही अडकली नाही. थेट लेबल लावलेल्या खऱ्या एशरशी तुलना करायला माझ्याकडे तो नाही, पण एका ओळखीच्या माणसाकडे बिनलेबलचा, खात्रीचा थुरिंजियन आहे, त्याच्या वस्तऱ्यानं मी दोनदा दाढी केलीय. हो, ती मऊ आहे, खरंच मऊ आहे, फेस पुसल्यावर गाल गार वाटतो, झोंबत नाही. तो फरक चार-पाच पट किमतीचा आहे का? माझ्या गालासाठी नाही. ज्याची कातडी नाजूक आहे त्यानं विचार करावा, पण बिनलेबलचा, दगड बघून. बघायचं काय तर, त्याच्यावर त्याच जातीचा छोटा तुकडा घासून जो चिखल निघतो तो फिकट, दुधाळ आणि अतिशय बारीक हवा, दोन बोटांत चोळला तर कण लागता कामा नयेत. विक्रेत्याकडून ओल्या दगडाचा आणि चिखलाचा फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जुनाच हवा असा हट्ट नसेल तर बेल्जियमचा कोटिक्यूल बघा. आर्देन भागात व्हिएल्साल्मच्या आसपास निघतो, पिवळट सायीच्या रंगाचा, त्यात गार्नेटचे बारीक स्फटिक असतात, एकूण दगडाच्या तीस-चाळीस टक्के, तेच कापतात. बऱ्याचदा तो निळसर बेल्जियन दगडाला निसर्गतःच चिकटलेला असतो, दोन रंगांचा थर. याची खाण आजही चालू आहे, नवा माल मिळतो, वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे बूट नावानं स्वस्तात विकतात आणि दाढीला ते अगदी पुरतात. जुन्या मोठ्या चौकोनी कोटिक्यूलला कलेक्टर भाव देतात कारण आठ-आठ इंचांचे अखंड तुकडे निघणं दुर्मिळ आहे, पण वस्तऱ्याला आठ इंच लागत नाहीत.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराबद्दल मला विचारणारे बरेच असतील म्हणून सांगतो, मी पाच बुधवार फिरलो. जुन्या लोखंडी सामानात दगड येतात, पण सुताराचे तेलाचे दगड, विळ्या-कोयत्याचे खडबडीत दगड, एकदा एक अर्धा तुटलेला करडा कार्बोरंडम. वस्तऱ्याचा एकही नाही. वेळ असेल तर फिरा, पण आशा ठेवून जाऊ नका. दगड घरांत आहेत, धोकटीत, माळ्यावर.

स्वातीचे दोष पण सांगतो. पडला की फुटतो, त्यातही कोपरे आधी जातात, म्हणून सिंकच्या कडेला ठेवू नका. तेल लावू नका, तेल एकदा आत गेलं की साबणाचा फेस नीट बसत नाही. तीन ओळींत ऑस्ट्रिया लिहिलंय म्हणून हा 1918 च्या आधीचा, असं सांगून कोणी जादा भाव लावत असेल तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, नुसत्या देशाच्या नावावरून वय ठरवणं धोक्याचं आहे. आणि सगळे स्वाती सारखे निघत नाहीत, काही जण खरखरीत असल्याची तक्रार करतात, माझा अंदाज असा की त्यातले बरेच नीट घासून परत मऊ केलेलेच नसतात. माझ्या दगडाला मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा हनुवटीखालच्या त्या उग्रपणाचा.

मागच्या महिन्यात तयार वस्तरा घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी तो परत खिडकीकडे धरला, या वेळी जरा जास्त वेळ. मग अंगठ्याचं पोट धारेवर आडवं, हलकंच टेकवलं आणि काढलं. काही बोलले नाहीत. नातवाला हाक मारली, पाणी तापव म्हणाले, आणि खांद्यावर टॉवेल घेऊन खुर्चीत बसले. वस्तरा माझ्या हातात दिला. मी म्हटलं काका, मी दुसऱ्याची कधी केली नाही. ते म्हणाले, "माझ्या बापाच्या पथरीवर लावलीय ना धार? मग लाव साबण."

मी साबण लावला.